मुशीचं तेल आणि पुढचं डावं चाक

मिरकरवाडा बंदरावर फुजैल तांडेलची पांढरी मारुती जिथे उभी असेल तिथे मांजरं असत. दोन-चार नव्हेत, पलटणच. कुणी छपरावर, कुणी बॉनेटवर, आणि जी जरा मानाची होती ती गाडीच्या पोटाखाली, जिभेनं लोखंड चाटत. एकदा फुजैल पावसला लग्नाला निघाला, तर भाट्याच्या पुलापर्यंत सतरा मांजरं मागून धावत आली. पंधरा पुलावरून परत फिरली. उरलेली दोन पावसपर्यंत गेली आणि तिथेच संसार थाटून बसली. हे सगळं फुजैल स्वतः सांगे, आणि त्याची बायको बिल्किस आतून ओरडे, "अलीचे अब्बा, दहा मांजरं कमी करा."

मांजरांचं कारण होतं मुशीचं तेल. मुशी माशाच्या काळजापासून काढतात ते, मधासारखं घट्ट, आणि वास असा की पाहुणा चहा अर्धा टाकून उठावा. फुजैलचा बाप ते होडीला लावायचा, आजाही लावायचा. लाकूड खातो तो किडा आणि लोखंड खाते ती खारी हवा, दोघांचं तोंड एकाच तेलानं बंद होतं, असं फुजैलचं शास्त्र. शहाण्णव साली अलीनं कुवेतहून गाडी घेऊन दिली, तेव्हा पहिल्याच मे महिन्यात, होड्या किनाऱ्यावर ओढल्या त्या आठवड्यात, फुजैलनं एक डबा होडीला उघडला आणि एक गाडीला. गोणपाट अंथरून तो गाडीखाली उताणा शिरला आणि काथ्याच्या कुंचल्यानं हाताला लागेल ते माखून काढलं. सायलेन्सर, सळया, पत्रा, नळ्या, काही सोडलं नाही. मग दरवर्षी तेच. सहा पावसाळे निघाले. बंदरावरच्या बाकीच्या गाड्यांना खालून अशी भोकं पडली होती की मागे बसणाऱ्याला रस्त्यावरचे खडे मोजता यावेत. फुजैलच्या गाडीला टाचणीएवढं भोक नव्हतं. नाचणे रस्त्याला गॅरेज असलेल्या आत्माराम मिस्त्रीनं गाडी उचलून खालून पाहिली आणि म्हणाला, "चाचा, पत्रा काल कंपनीतून आल्यासारखा हाय. मानलं तुम्हाला."

त्या एका 'मानलं'वर फुजैलनं दोन हंगाम गोष्टी सांगितल्या. जेट्टीवर बसून तो सांगे की मुशीचं तेल लावलेली गाडी समुद्रात टाकली तर तरेल, आणि नुसती तरणार नाही, तर वाऱ्याच्या अंदाजानं आपली आपण मालवणला जाईल. ऐकणाऱ्यांतल्या भागोजीनं तेवढं सोडून बाकीचं खरं मानलं. भागोजी खारवी म्हणजे फुजैलचा चाळीस वर्षांचा दर्यावरचा सोबती. त्याच्याकडेही तसलीच जुनी मारुती होती, नात संस्कृतीला शाळेत सोडायला. त्यानं दोन वर्षांमागे फुजैलकडून डबा नेला आणि गाडी माखली.

ऑक्टोबरात बिल्किस गेली.

सकाळी दहाचा सुमार. तिच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. फुजैलनं तिला गाडीत बसवलं आणि वर माळनाक्याच्या दवाखान्याकडे निघाला. चढाच्या तोंडाशी एक एसटी आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला. एसटी गेली. गाडी मात्र हलेना. पहिला गियर टाकून त्यानं रेस केली तशी ती चार हात रांगली, डावीकडे ओढली आणि बंद पडली. फुजैल आयुष्यभर यंत्रहोडीवर राहिलेला माणूस. होडी थांबली की माणूस आधी इंजिन बघतो. त्यानं बॉनेट उघडलं. बेल्ट चाचपला, वायरी चाचपल्या, पाणी पाहिलं. पुन्हा बसला, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. पुन्हा उतरला. असा किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नव्हतं. शेवटी मागून एक रिक्षा आली, तिच्यात बिल्किसला घातली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "थोडं आधी आणलं असतं तर," आणि वाक्य तिथेच सोडलं.

ते सोडलेलं वाक्य फुजैल घरी घेऊन आला.

घरात माणसं आली, गेली. प्रत्येकानं सांगितलं, अल्लाची मर्जी. प्रत्येकानं सांगितलं, वेळ लिहिलेली असते. फुजैल मान हलवी. रडू आलं नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तसा तो सगळाच झाला होता. समोर जेवण आलं की जेवे, कुणी उठ म्हणालं की उठे. बायकांनी विचारलं, शेवटी काय बोलली ती? फुजैलनं सांगितलं, कलमा पढली. बायकांनी डोळे पुसले, त्यांना बरं वाटलं. आयुष्यात त्यानं हजार थापा मारल्या असतील, इतक्या कमी शब्दांची ती पहिलीच.

जेट्टीवर संध्याकाळी मंडळी जमत. कुणी मुद्दाम खडा टाकी, "तांडेल, ती गोष्ट सांगा, देवमाशानं नांगर गिळला ती." फुजैल म्हणे, "गिळला होता." देवमासा तिथेच संपे.

चाळिसावं झालं. गाडी त्या रात्री बंदरावरच्या पोरांनी आणून दाराशी लावली होती, ती तशीच उभी होती. अलीचा कुवेतहून फोन आला. "अब्बा, गाडी उभी ठेवू नका. चालवा नायतर विकून टाका." फुजैल हो म्हणाला. गाडी विकायला त्याची ना नव्हती आणि ठेवायलाही नव्हती. त्याला एवढंच कळून घ्यायचं होतं की ती त्या दिवशी थांबली का. इंजिनानं दगा दिला असेल तर इंजिनानं दिला. नशिबानं दिला असेल तर नशीब. पण त्यात आपला हात असेल तर ते आपल्याला ठाऊक असावं. हे तो कुणाशी बोलला नाही.

दुपारच्या आधी तो गाडी घेऊन निघाला, दुसऱ्या गियरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, भरतीला खाडीत शिरणाऱ्या होडीसारखा बेताबेतानं.

आत्माराम बडबड्या माणूस. हाताइतकंच तोंडानं काम करणारा. त्यानं फुजैलला बघितलं आणि तोंड आवरतं घेतलं. "बसा चाचा. चहा सांगू?"

"गाडी बघ. ब्रेक दाबला की सुटत नाय असं वाटतं. डाव्या अंगाला ओढते."

आत्मारामनं पुढचं डावं अंग जॅकवर घेतलं, खाली स्टँड दिला, चाक काढलं. डिस्क हातानं फिरवली. कुरकुरत फिरली. "आत बसा आणि ब्रेक दाबून सोडा." फुजैलनं दाबला, सोडला. आता डिस्क हलेना. आत्मारामनं दोन्ही हातांनी जोर लावला. कुणीतरी आतून मिठी मारल्यासारखी ती धरून होती.

"हा," आत्माराम स्वतःशीच म्हणाला. वरच्या बाजूला, जिथे लोखंडी नळी संपते आणि रबरी पाइप सुरू होतो, तिथला नट त्यानं थोडा सैल केला. दोन थेंब ब्रेक ऑइल आलं. डिस्क तशीच जाम. नट परत आवळला. मग खाली, चाकाजवळची बारीक निपल उघडली. पिचकन तेल उडालं आणि डिस्क गरकन मोकळी झाली.

"बघितलं? वरून दाब सोडला तरी हे सुटलं नाय. खालून सोडला तर सुटलं. म्हणजे अडलंय ते मधे. या पाइपात." त्यानं रबरी पाइप दोन बोटांत धरला. वीतभर लांबीचा तुकडा, चाक वळलं की आपणही वळणारा, सगळ्या गाडीत तेवढाच काय तो मऊ. "पायाचा जोर मोठा, तो तेल ढकलून आत घालतो. पण परत यायला त्याला जोर नाय. दार आतल्या बाजूलाच उघडणारं झालंय."

फुजैल वाकला. पाइप मधे सुजला होता, दिवसभर पाण्यात राहिलेल्या बोटासारखा. आत्मारामनं तो जरा वाकवला तशा बारीक भेगा उघडल्या. वरचं रबर बोटाला चिकटून आलं. आत्मारामनं बोट नाकाशी नेलं.

आणि बोट चिंधीला पुसलं.

पुढचं काम त्यानं मुक्यानंच केलं. ब्रेकचा जबडा पाइपावर लोंबू नये म्हणून तारेनं वर बांधला. वरचा नट पूर्ण सोडला, पाइप धरून ठेवणारी चपटी क्लिप पकडीनं ओढली, खालचा बोल्ट काढला. पाइप हातात आला. फुजैलनं हात पुढे केला. "आण."

"टाकायचाच हाय तो."

"आण तर."

तोंडाला लावून त्यानं फुंकला. इंजिनाच्या डिझेलच्या नळ्या त्यानं अशाच फुंकून साफ केल्या होत्या उभा जन्म. गाल फुगले, कानांत दडे बसले, मग जरासं फुस्स झालं. उलट बाजूनं फुंकला. काहीच नाही. त्यानं बाकावरची सुरी घेतली आणि पाइप मधोमध उभा चिरला. आतलं भोक, ज्यातून उदबत्तीची काडी सहज जावी, ते सुजून मिटलं होतं.

"जुना झाला की होतं असं," आत्माराम म्हणाला, दुसरीकडे बघत.

फुजैलला हसू यायला हवं होतं, पण त्याला तेवढीही हालचाल आतून जमली नाही. आत्माराम अगदीच कच्चा होता. खोटं बोलायचं तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून, आणि त्यात एखादा गाव, एखादा वार, एखाद्या माणसाचं आडनाव घालून बोलावं. हे असं उघडंबोडकं खोटं कोण घेणार?

आत्मारामनं उजवं चाक उघडलं, तिथलाही पाइप तसाच. मागचेही तसेच, फक्त कमी सुजलेले. त्यानं सगळे नवे बसवले. गाडीच्या पोटाला लागलेलं तेल आधी चिंध्यांनी पुसून, साबणाच्या पाण्यानं धुऊन काढलं. नव्या पाइपावरची पांढरी रेघ सरळ राहते ना ते बघितलं, म्हणजे पाइपाला पीळ पडलेला नाही. बोल्टाला तांब्याचे नवे वायसर घातले. फुजैलला स्टिअरिंग पार डावीकडे, मग पार उजवीकडे फिरवायला लावलं आणि पाइप कुठे घासत नाही ना ते वाकून पाहिलं.

"आता हवा काढायची. तुम्ही बसा पेडलवर. मी म्हणेन तसं करा."

हे काम दोन माणसांचं. एक आत, पायाशी. दुसरा खाली, चाकाशी, एक बारीक नळी निपलला लावून तिचं टोक बाटलीत बुडवून बसलेला. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत.

"दाबा."

फुजैलनं दोन-तीन दाब दिले.

"धरा."

निपल उघडली. पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं, ओहोटीची वाळू तळव्याखालून सरकते तसं. बाटलीत बुडबुडे वाजले. निपल बंद झाली.

"सोडा."

असं पाच-सहा वेळा झालं. मग फुजैल समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "आत्माराम, तेलानं झालं ना?"

खाली पाना थांबला.

"धरा," आत्माराम म्हणाला. फुजैल धरून राहिला. बराच वेळ निपल उघडली नाही.

"होय चाचा. रबराला ते तेल चालत नाय. सुजतं." मग थोड्यानं, "तुम्ही लावता ते मला दिसत होतं. मी पत्राच बघितला. पाइपाला हात लावून बघायचं सुचलं नाय. माझं काम होतं ते."

निपल उघडली. पेडल खाली गेलं.

"आणखी एक विचारतो. त्या दिवशी चाक तापलं असेल?"

"तापणारच. जाम चाक ओढलंत तुम्ही. डिस्क निळी पडलीय आतून."

"मग तिथलं तेल?"

"करपलं असणार. आतल्या पत्र्यावर काळी खरपूड हाय त्याची."

"वास कसा येईल त्याला?"

आत्मारामला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यानं सरळ उत्तर दिलं. "मुशीचंच तेल ना ते? मासळी तळल्यासारखा."

फुजैल पेडल धरून होता. त्या सकाळी तो दुसऱ्यांदा बॉनेट आपटून आत आला, तेव्हा बिल्किस सीटला डोकं टेकून डोळे मिटून होती. ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "कुणाकडे तरी मासे तळतायत." एवढंच. नंतर रिक्षात, दवाखान्यात ती काही बोलली नाही. त्याला वाटलं होतं, तिचं मन भटकलं, चुलीपाशी गेलं. म्हणून तर त्यानं त्यावर कलमा पांघरला होता. आणि ती तर सरळ समोरचं सांगत होती. तिला बिचारीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नेमकं तेच सांगत होती. चाकाकडे बघ, इंजिनाकडे नको. त्याला स्वतःला वास आला होता की नव्हता? वीस हात वाऱ्यावरून बांगड्याचा थवा ओळखणारं नाक त्याचं. पण त्या तेलाचा वास त्याला इतक्या वर्षांत येईनासा झाला होता.

"सोडा," आत्माराम दुसऱ्यांदा म्हणाला.

त्यानं सोडलं. चारही चाकांची हवा निघाली. वरची ब्रेक ऑइलची बाटली रेघेपर्यंत भरली. पेडल आता पायाखाली दगडासारखं टणक लागत होतं. आत्माराम गाडीखालून निघाला, उभा राहिला, आणि चिंधीला हात पुसता पुसता त्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. तो रडायला लागला. मोठा बाप्या माणूस, दोन मुलींचा बाप. फुजैलनं कोपऱ्यातल्या मडक्यातून पेला भरला आणि त्याला दिला.

"पी," तो म्हणाला. "तू काय केलंस? डबा माझा, कुंचला माझा."

आवाज स्थिर होता. त्याचं त्यालाच तो शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटला.

चिरलेला पाइप खिशात घालून तो परत निघाला. उतारावर ब्रेक दाबला, गाडी थांबली. पाय काढला, गाडी सुटली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. इतकं सोपं होतं ते. घराच्या वळणाशी आला आणि वळला नाही. सरळ भागोजीकडे गेला, कारण भागोजीच्या अंगणात तेच तेल प्यायलेली दुसरी गाडी उभी होती, आणि पाच वाजता शाळा सुटते.

भागोजी ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसला होता. "ये रे बाबा. आलास कसा गाडी घेऊन? बस, काय तरी सांग. दोन महिने झाले, तुझी एक थाप ऐकली नाय. माणसं मेली अळणी झालीत बंदरावरची."

फुजैल उभाच राहिला. खिशातला पाइप काढून त्यानं भागोजीच्या जाळ्यावर ठेवला. मग सांगितलं. तेल, रबर, चाक, चढ, बॉनेट. सगळं एका सुरात, भावाचे आकडे वाचून दाखवावेत तसं. शेवटी म्हणाला, "आणि कलमा नाय पढली ती. म्हणाली, कुणाकडे तरी मासे तळतायत. तेल जळत होतं ते. मला कळलं नाय."

भागोजीनं पाइप उचलला, बोटानं त्याची मिटलेली चीर उघडून बघितली. फुजैलला वाटलं, आता तोही म्हणेल, वेळ लिहिलेली असते.

"दोन वर्षं," भागोजी हळूच म्हणाला. "दोन वर्षं मी संस्कृतीला त्या गाडीतून नेतोय. मांडवीच्या उतारावरून. पोरगी पुढे बसते माझ्या." मग त्याचा आवाज चढला. "तुला कोणी सांगितलं रे गाडीला होडी समजायला? मिस्त्री हायस तू? येतं काय तुला? आणि मी बैल, तुझं ऐकून कुंचला हातात घेतला. चाळीस वर्षं तुझ्या तोंडाला लागून मी कुठे कुठे बुडायचा राहिलो ते माझं मला ठाऊक. त्या बाईला तरी ठेवायची होतीस. एका माणसाला अक्कल होती तुझ्या घरात, तिलाच घालवलीस. मेल्या, तो वास आला नाय तुला? नाक हाय का भोकं हायत ती?"

त्याची बायको विमला दारात आली आणि नवऱ्याला गप्प करायला तिनं हात वर केला. "अहो, काय बोलताय? त्यांच्यावर आधीच..."

"गप्प बस तू. बोलू दे मला."

बोलू दे त्याला, असं फुजैललाही वाटत होतं. ऑक्टोबरापासून जो तो त्याला हळुवार हातानं धरत होता, जाणाऱ्या-येणाऱ्यानं त्याच्यावर मऊ काहीतरी टाकलं होतं. त्या ढिगाखाली त्याला ना ऊन लागत होतं ना वारा. भागोजी शिव्या देत होता आणि प्रत्येक शिवी जिथे बसायला हवी तिथे बसत होती. दुखलं असं म्हणता येणार नाही. पण बसली ते कळत होतं. भागोजीचा दम संपला, तो खोकला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावून परत सुरू झाला. फुजैल ओट्याखाली उभा राहून ऐकत राहिला. एकदाही मान हलवली नाही.

शेवटी भागोजी थांबला. विमला कधीच आत निघून गेली होती. अंगणातली गाडी तिच्या जागी उभी होती. भागोजीनं मांडीवरचं जाळं बाजूला टाकलं आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

"शाळेत कोण जाणार आता?"

"माझी गाडी ने," फुजैल म्हणाला. "तिचे सगळे बदललेत. ब्रेक चांगला हाय."

भागोजीनं त्याच्याकडे बघितलं. किल्लीसाठी हात पुढे केला नाही.

"चालत आणतो तिला," तो म्हणाला. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला, आणि मागे न बघता म्हणाला, "मी येईपर्यंत पुढची दोन चाकं काढून ठेव. जॅक पडवीत हाय, पान्याच्या पेटीमागे."

फुजैल पडवीत गेला. पेटी सरकवली. जॅक घेऊन तो भागोजीच्या गाडीपाशी आला, गोणपाट अंथरलं आणि खाली शिरला.